पिकअप, ट्रेलर आणि स्नोमोबाइल: वजनाच्या मर्यादेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या उपनगरात राहून स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर पळवायच्या इंजिनवाल्या घसरगाडीचा, नाद लागला की दर हिवाळ्यात गाड्या लादून उत्तरेला पळावं लागतं. कोणी विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला जातं, कोणी त्याहून वर मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात. डिसेंबर उजाडला की ओळखीपाळखीतल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. नंबरप्लेटचे नियम इलिनॉयचे आहेत, कारण आमच्या गाड्या तिथल्या. वजनं पौंडांत दिली आहेत, कारण स्टिकरवर पौंडच ठळक असतात. किलोत विचार करणाऱ्यांसाठी: १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो.

माझा ट्रक ११,००० पौंड ओढतो असं ब्रोशरमध्ये छापलंय. ट्रेलर आणि चार स्नोमोबाइल मिळून ५,००० च्या आसपास. मग काळजी कसली?

मीही अगदी हेच म्हणायचो. विक्रेत्यानेही पाठीवर थाप मारून हेच सांगितलं होतं.

ब्रोशरमधला आकडा खोटा नसतो. तो जे२८०७ नावाच्या चाचणीतून येतो आणि तीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर गाडी चढवण्याची अटही असते. पण त्या चाचणीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरतात आणि सामान जवळजवळ धरतच नाहीत. तुम्ही मात्र चौघं बसणार, मागे बॅगा, हत्यारं, पेट्रोलचे कॅन, आणि कोणाच्या तरी आईने दिलेला फराळाचा डबा. इंजिन ११,००० ओढेलही. प्रश्न असतो मागच्या स्प्रिंग, एक्सल आणि टायर किती पेलतील याचा. ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. हाफ-टन, म्हणजे पूर्ण आकाराच्या सर्वांत हलक्या वर्गातल्या, पिकअपमध्ये पेलण्याची मर्यादा बहुतेक वेळा आधी संपते.

मग कोणता आकडा धरायचा?

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर दोन स्टिकर दिसतील. एकावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसं, सामान आणि ट्रेलरचा हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या जागेवर) पडणारा भार धरून ट्रकचं जास्तीत जास्त वजन. त्याच स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. दुसरं स्टिकर टायरचं. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा तुमच्या गाडीचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत यात चारपाचशे पौंडांचा फरक पडू शकतो, कारण सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळं त्यातूनच वजा होऊन आलेलं असतं. नंतर बसवलेलं हौद्यावरचं झाकण किंवा टूलबॉक्स मात्र स्टिकरला ठाऊक नसतं. ते तुम्ही वजा करायचं.

पेट्रोलची भरलेली टाकी आधीच धरलेली असते. तेवढीच सूट.

एकदा खरा हिशेब करून दाखवाल?

माझाच घ्या. जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०, स्टिकरवरचा पेलोड १,४८० पौंड.

चार माणसं, थंडीच्या कपड्यांसकट ७२०. चार बॅगा, हेल्मेट आणि बूट धरून, १४०. पाच गॅलनचे दोन भरलेले कॅन ६८. हत्यारं, सुटे पट्टे, कूलर ६०. हिचचा बॉल माउंट (ज्यावर ट्रेलर टेकतो तो गोळा आणि त्याचा दांडा) २५. झाले १,०१३. उरले ४६७.

आता ट्रेलर. चार स्नोमोबाइलचा बंद ट्रेलर रिकामा २,६००. पेट्रोल भरलेली प्रत्येक स्नोमोबाइल ५६०, म्हणजे चार मिळून २,२४०. ट्रेलरमधलं किरकोळ सामान २००. एकूण ५,०४०. त्याचा साधारण १२ टक्के भार हिचवर पडतो, म्हणजे ६०५ पौंड. उरले होते ४६७, आले ६०५. मर्यादा ओलांडली १३८ पौंडांनी. ब्रोशरमधल्या ११,००० चा निम्मा आकडासुद्धा अजून गाठलेला नाही.

हिचवरचा भार कमी ठेवला तर? सगळ्या स्नोमोबाइल ट्रेलरमध्ये मागे सरकवायच्या.

हा उपाय दरवर्षी कोणीतरी सुचवतं. करू नका. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा लागतो. त्याहून कमी झाला की ताशी साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि मग मागचा पुढच्याला चालवतो.

उलटी चूकही होते. बंद ट्रेलरचं टोकदार नाक सामान कोंबायला फार सोयीचं असतं. पेट्रोलचे कॅन, जनरेटर, टूलबॉक्स सगळं तिथे जातं आणि हिचवरचा भार बघता बघता १५ टक्क्यांच्या वर चढतो. स्नोमोबाइलचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे तिचं तोंड कुठे केलंय यानेही फरक पडतो. जड सामान ट्रेलरच्या एक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत ठेवा.

वजन नक्की किती आहे हे कळणार कसं? अंदाजानेच ना?

गावाकडे उसाचा ट्रक कारखान्याच्या भुईकाट्यावर जातो, तसंच इथे. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात आणि कोणीही गाडी घालू शकतं. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. शेजारच्या खांबावरचं बटण दाबलं की आतून बाई विचारते, पहिल्यांदा वजन की पुन्हा? कंपनीचं नाव विचारलं तर 'खासगी' म्हणायचं. आत जाऊन पावती घ्यायची. त्याच दिवशी पुन्हा वजन केलं तर बरंच स्वस्त पडतं.

मी पहिल्यांदा गेलो तो शुक्रवारची रात्र होती, रॉकफर्डच्या पुढे. पावती हातात आली: पुढचा एक्सल ३,१००, मागचा ४,१००, ट्रेलर ४,४४०. ट्रकचे झाले ७,२००, म्हणजे मर्यादेच्या १५० वर. मागच्या एक्सलची मर्यादा ४,०५०, तीही ५० ने गेलेली. घरी कागदावर केलेला हिशेब जवळपास बरोबर निघाला याचा आनंद मानावा की काय, असं झालं. मागच्या सीटवरचे दोघे झोपलेले होते. त्यातल्या एकाला उठवून, बॅगेसकट, मागून येणाऱ्या दुसऱ्या मित्राच्या गाडीत बसवलं. दोन बॅगा आणि पेट्रोलचे कॅन ट्रेलरमध्ये एक्सलजवळ बांधले. ट्रकवरचे साडेतीनशेच्या आसपास पौंड उतरले. ज्याला उठवलं तो अजून बोलून दाखवतो.

हिचवरचा भार मोजायचा असेल तर ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा काट्यावर घाला. जोडलेल्या ट्रकच्या वजनातून सुट्या ट्रकचं वजन वजा केलं की आकडा मिळाला.

कंपनीच्या वेबसाइटवर स्नोमोबाइल ४६० पौंडांची आहे. तुम्ही ५६० का धरता?

तिथे लिहिलेलं असतं ते कोरडं वजन. त्यात पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही. पेट्रोल गॅलनला सुमारे सहा पौंड. टाकी दहाबारा गॅलनची, म्हणजे साठसत्तर पौंड तिथेच आले. पुढे सामानाची पेटी, आरसे, जास्तीची काच. डोंगरातल्या हलक्या टू-स्ट्रोक आणि दोघांना बसायच्या फोर-स्ट्रोक टूरिंग गाड्या यांत तर शेदोनशे पौंडांचा फरक असतो. चौघांच्या चार वेगळ्या गाड्या असतील तर सरासरी काढू नका, चारही वेगळ्या मोजा.

नंबरप्लेटचा वजनाशी काय संबंध?

आपल्याकडे ट्रकवाले विचारतात ना, 'पासिंग किती टनाची?', तोच प्रकार. इलिनॉयमध्ये पिकअपला साधारण बी प्लेट मिळते, तिची मर्यादा माल धरून ८,००० पौंड. डी प्लेट १२,००० पर्यंत. ट्रेलरला वेगळी प्लेट: टीए ३,००० पर्यंत, टीबी ५,०००, टीसी ८,०००, टीडी १०,०००.

गंमत अशी की इथे हाफ-टनवाला सहसा सुटतो, कारण त्याचा जीव्हीडब्ल्यूआरच ७,००० च्या आसपास असतो. अडकतो तो मोठा ट्रक घेणारा. समजा थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे हाफ-टनहून एक पायरी मोठा, डिझेल ट्रक आहे, रिकामा ७,२००, जीव्हीडब्ल्यूआर १०,०००. हौद्यावर ४०० पौंडांचा स्लेड डेक (स्नोमोबाइल ठेवायचा सपाट मंच), त्यावर दोन स्नोमोबाइल, आत तिघं. एकूण ९,२६०. दारावरच्या स्टिकरच्या हिशेबाने आरामात आत, आणि बी प्लेटच्या हिशेबाने हजाराहून अधिक पौंडांनी बाहेर. जास्तीच्या वजनाचा दंड पौंडांप्रमाणे चढत जातो. त्यापेक्षा वरच्या प्लेटचे पैसे भरलेले परवडतात. मोठा ट्रक घेतला की सगळे प्रश्न सुटले असं वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

ट्रेलरला ब्रेक कधी लागतात?

इलिनॉयमध्ये ट्रेलरचं भरलेलं वजन ३,००० पौंडांच्या वर गेलं की ब्रेक हवेतच. ५,००० च्या वर गेलं की सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारेही. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातही रेघ ३,००० लाच आहे. सगळ्या देशात तशी नाही. कॅलिफोर्नियात १,५०० लाच ब्रेक लागतात. प्लेट घरच्या राज्याची चालते, पण ब्रेक आणि दिव्यांच्या बाबतीत ज्या राज्याच्या रस्त्यावर आहात तिथला नियम पाळायचा.

बाजारात दोन स्नोमोबाइलच्या कितीतरी ट्रेलरवर २,९९० असा चमत्कारिक आकडा छापलेला दिसतो. एक्सल तर ३,५०० चा असतो. मग २,९९० का? ३,००० ची रेघ ओलांडली की ब्रेक बसवावे लागतात म्हणून. यात बेकायदा काही नाही, पण त्या ट्रेलरवर तिसरी स्नोमोबाइल आडवी टाकून 'एक्सल साडेतीन हजारांचा आहे' असं सांगू नका. कायद्याला छापलेला आकडा कळतो.

वर माझ्या हिशेबातला ५,०४० चा ट्रेलर ५,००० च्या रेघेला ४० पौंडांनी ओलांडतो, हे लक्षात आलं असेलच. माझ्या ट्रेलरच्या चारही चाकांना ब्रेक आहेत. ट्रकमधल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरची ताकद बर्फाळ रस्त्यावर कमी ठेवावी लागते, नाहीतर ट्रेलरची चाकं जाम होऊन तो आडवा घसरतो.

हिचवरच्या स्टिकरवर दोन दोन आकडे का असतात?

ते बहुतेक जण बघतच नाहीत, कारण त्यासाठी बंपरखाली वाकावं लागतं. कित्येक हाफ-टन ट्रकच्या हिचवर लिहिलेलं असतं: नुसत्या बॉलवर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड भार, वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच लावली तर त्याहून बरंच जास्त. माझा ६०५ चा भार म्हणजे इथेही नापास. त्या हिचच्या दांड्या मागच्या एक्सलवरचा थोडा भार पुढच्या एक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात, त्यामुळे गाडीचं नाक वर जात नाही आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण त्याने दारावरचा जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही. शिवाय त्या दांड्यांचंही वजन असतंच, ७५-१०० पौंडांचं, आणि तेही पेलोडमधूनच जातं.

बॉलवरचा आकडाही वाचा. पावणेदोन इंचांहून जरा मोठा, १ ७/८ इंचांचा बॉल दोन हजार पौंडांपुरताच असतो. दोन इंची कपलरमध्ये (ट्रेलरच्या नाकावरच्या, बॉलवर बसणाऱ्या टोपीत) तो बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात निघतो. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे नाक निसटलं तर त्या झोळीत पडेल.

ट्रेलर नको, हौद्यातच एक स्नोमोबाइल टाकली तर?

वजनाचा प्रश्नच नाही. लांबीचा आहे. स्नोमोबाइल दहा-अकरा फूट, हौदा साडेपाच किंवा साडेसहा फूट. फाळका उघडा ठेवावा लागतो आणि स्नोमोबाइल ज्यावर पळते तो मागचा पट्टा त्याच्यावर किंवा त्याच्याही पुढे येतो. फाळक्याला धरणाऱ्या तारांवर किती भार चालतो ते मालकाच्या पुस्तिकेत बघा. हौद्याच्या मागे चार फूट किंवा जास्त बाहेर आलं तर दिवसा लाल झेंडा, रात्री लाल दिवा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हेही बघा.

चढवताना रॅम्प फाळक्याला साखळीने बांधा. न बांधता चढवलेल्या स्नोमोबाइलच्या पट्ट्याने रॅम्प मागे भिरकावलेला मी पाहिलाय. तो शेजाऱ्याच्या कुंपणात जाऊन पडला, आणि स्नोमोबाइल अर्धी आत, अर्धी हवेत.

रुंदीची मर्यादा?

आंतरराज्य महामार्गावर १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. ट्रेलवरची स्नोमोबाइल साधारण ४८ इंच रुंद, दोन शेजारी शेजारी म्हणजे ९६. म्हणून तर या ट्रेलरांची रुंदी १०१ इंच असते. स्लेड डेकवरही तेवढंच गणित, फक्त तिथे वजन उंचावर असतं आणि मिशिगनच्या सरोवराकडून आडवा वारा सुटला की ते हातांना कळतं.

टायरबद्दल काही?

ट्रेलरच्या टायरच्या कडेला त्याची भारमर्यादा छापलेली असते, ती ठरावीक दाबालाच खरी. दर १० अंश फॅरनहाइट थंडीमागे हवेचा दाब साधारण १ पीएसआय उतरतो. ४५ अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेला टायर उणे १५ ला सहा पीएसआयने कमी झालेला असतो, म्हणजे मर्यादाही खाली आलेली असते. सकाळी निघताना गेज लावा. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एसटी प्रकारचे, म्हणजे खास ट्रेलरचे, टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचे समजायचे. रांगेतले सगळे ८० ने जात असले तरी.

साधं लायसन्स चालतं का? व्यवसायाचे नियम लागतात का?

हौसेसाठी नेत असाल तर साधं लायसन्स पुरतं. सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स, लागतं ते ट्रक आणि ट्रेलरची मिळून मर्यादा २६,००१ पौंड किंवा जास्त आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तेव्हा. चार स्नोमोबाइल त्याच्या जवळपासही जात नाहीत.

व्यवसाय म्हणून नेत असाल तर मात्र चित्र बदलतं. ट्रकची मर्यादा ७,०५० आणि ट्रेलरची ७,००० धरली की मिळून १४,०५० होतात. दुसऱ्या राज्यात धंद्यासाठी जाताना १०,००१ पौंडांपासूनच यूएसडॉट (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) क्रमांक वगैरे संघराज्याचे नियम लागू होतात. मित्रांनी पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर तो धंदा होत नाही. भाडं घेऊन लोकांच्या स्नोमोबाइल पोचवायला लागलात, तर होतो. शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: प्रायोजक नसेल आणि प्रवासाचा खर्च करात धंद्याचा खर्च म्हणून दाखवला नसेल, तोवर तुम्ही हौशी. खर्च दाखवला की व्यावसायिक.

टोरांटोचा मामेभाऊ म्हणतो त्यांच्याकडे सगळं वेगळं आहे.

आकडे किलोत आहेत, म्हणून वेगळं वाटतं. ऑन्टॅरिओत ट्रेलरला ब्रेक १,३६० किलोपासून, म्हणजे आपले तेच ३,००० पौंड. अल्बर्टात मात्र ९१० किलोलाच. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोंहून जड ट्रेलरसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. तिथल्या रेव्हलस्टोकला जाणाऱ्यांचा ट्रेलर तेवढा जड नसेल, पण तिथे ट्रकवरच स्लेड डेक असतो, म्हणून त्यांनी दारावरचं स्टिकर आधी बघावं.

खरं सांगा, पोलीस हे सगळं तपासतात का?

खासगी पिकअपला दारावरच्या आकड्यापायी सहसा कोणी थांबवत नाही. थांबवतात ते दिवा बंद असला, साखळी लोंबत असली किंवा ट्रकचं बूड रस्त्याला टेकायला आलेलं दिसलं म्हणून. मग प्लेट बघतात, आणि गस्तीच्या गाडीत फिरता काटाही असू शकतो. माझी भीती वेगळीच आहे. बर्फावर पुढची गाडी अचानक थांबली, आपली थांबली नाही, आणि कोणाला लागलं, तर समोरचा वकील पहिल्यांदा वजनच विचारणार. तेव्हा ब्रोशर दाखवून उपयोग नसतो.

जाताना काटा केला. परत येतानाही करायचा?

मी करतो. टाक्या रिकाम्या असतात म्हणून वजन कमी भरेल असं वाटतं. पण दोन दिवस चालवलेल्या स्नोमोबाइलच्या बोगद्यात (पट्ट्यावरच्या पोकळीत) आणि सस्पेन्शनमध्ये बर्फ दगडासारखा गोठलेला असतो, आणि ट्रेलरच्या छपरावर रात्रभराचा हिमवर्षाव. निघण्यापूर्वी रबरी हातोड्याने बर्फ ठोकून काढतो आणि छपरावरचा झाडूने ओढतो. गेल्या खेपेला एका स्नोमोबाइलखालून निघालेला बर्फ आम्ही सहज म्हणून पेट्रोलच्या रिकाम्या बादलीत भरला. एक बादली भरली, दुसरी भरली, आणि तिसरी आणायला कोणी तयार होईना.